चौदा खडे

सराफांनी पेनासारखं एक यंत्र उचललं आणि त्याचं सुईएवढं टोक आजीच्या कुडीतल्या मधल्या खड्याला टेकवलं. दिवे भराभर वर चढले, यंत्र वाजलं. "हिरा," ते म्हणाले. शेजारचा खडा. वाजलं. त्याच्या शेजारचा. वाजलं. मग खालचा, मानेच्या बाजूला येणारा. यंत्र गप्प. त्यांनी खडा कापसाने पुसला, टोक पुन्हा नीट सरळ धरलं. गप्पच.

ठाण्यात गोखले रोडवरचं हे दुकान आमच्या ओळखीचं. कुड्यांची फिरकी सैल झाली होती, तेवढी बसवून घ्यायला मी गेले होते. वैशाखात लेकीचा साखरपुडा आहे आणि तिला पणजीच्या कुड्या घालायच्या आहेत. खडे तपासा, असं मी म्हटलंही नव्हतं. जुना हिरा हातात आला की आधी टोक लावून बघायचं, ही त्यांची सवय. एका कुडीत सात खडे, मध्ये एक आणि भोवती सहा. दोन कानांचे मिळून चौदा. त्यातले दहा वाजले, चार वाजले नाहीत.

"हे चार झरकन आहेत," भिंग डोळ्याला लावून ते म्हणाले. "आणि ताई, हे एकाच वेळी बसवलेले नाहीत बरं का. मानेकडच्या जोडीचे पैलू निराळे, केसांकडच्या जोडीचे निराळे. कोंदणाचं कामही दोन हातांचं आहे."

हे शेवटचं मी ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात एकच घुमत होतं, की आजीच्या कुड्यांत खोटे खडे आहेत.

त्यांनी मला भिंगातून बघायला दिलं. एका खड्याच्या कडेचा बारीक टवका उडालेला दिसला. हाच खोटा असणार, असं मला वाटलं. तो खरा निघाला. घण सोसतो तोच हिरा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण हिरा ओरखडत नाही म्हणजे फुटत नाही असं नव्हे. त्याच्या आत चार दिशांना चिरा जाण्याच्या वाटा असतात, आणि नेमका त्या वाटेवर धक्का बसला तर साध्या आपटण्यानेही टवका उडतो. झरकनचे चारही खडे मात्र नितळ होते. आत एक ठिपका नाही की रेघ नाही. आणि दिव्याखाली कुडी हलवली की त्या चौघांतून लाल-निळे रंग जरा जास्तच उसळायचे. प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची झरकनची ताकद हिऱ्याच्या सुमारे दीडपट असते. सराफ म्हणाले, "जास्त नाचतो तो झरकन."

यंत्राचं काम साधं आहे. टोक आतून तापवलेलं असतं. हिरा उष्णता तांब्याच्या जवळजवळ पाचपट वेगाने वाहून नेतो, त्यामुळे टोकाची ऊब क्षणात खड्यात निघून जाते, आणि ते निघून जाणं मोजून यंत्र वाजतं. झरकन ऊब अशी पळवत नाही. रस्त्याने परतताना मला आठवलं, की आजी हीच परीक्षा यंत्राशिवाय करायची. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. हिऱ्यावर वाफ ठरत नाही, लगेच उडते. काचेवर ती रेंगाळते. मला तिनेच शिकवलं होतं हे. म्हणजे आपल्या कानात काय आहे, ते तिला पक्कं माहीत होतं.

झरकन या नावाचा घोळ मात्र इथे सांगायलाच हवा, कारण त्यातूनच मला पुढचा धागा मिळाला. खरा झरकन, म्हणजे झिरकॉन, जमिनीत सापडतो आणि तो फार फार जुना असतो. पृथ्वीवरच तयार झालेले, आजवर सापडलेले सर्वांत जुने कण झिरकॉनचेच आहेत, ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले, सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे. सराफकट्ट्यावर ज्याला झरकन म्हणतात तो वेगळा, क्युबिक झिरकोनिया. हा माणसाने घडवलेला. त्याचा कच्चा माल वितळायला सुमारे २७५० अंश तापमान लागतं, आणि एवढी उष्णता सोसणारं भांडंच मिळत नव्हतं. मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात त्यावर तोड काढली. आत पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांचा पिंजरा करायचा, त्यात भुकटी भरायची आणि रेडिओलहरींनी ती आतून वितळवायची. कडेचा थर थंड राहून घट्टच राहतो, म्हणजे पदार्थ स्वतःच्याच कवचात वितळतो. सोबत थोडा यिट्रियमचा ऑक्साइड किंवा चुना घालावा लागतो, नाहीतर निवताना स्फटिकाची रचना बदलते आणि तो तडकतो. संस्थेच्या 'फियान' या लघुनावावरून रशियात त्याला फियानाइट म्हणतात. आपल्याकडे तो 'अमेरिकन डायमंड' झाला, आणि दुकानात नुसता ए.डी. रशियात घडलेल्या, हिरा नसलेल्या खड्याला हे नाव कसं चिकटलं असेल ते चिकटो, पण आज ठाण्यात पाडव्याच्या शोभायात्रेत राम मारुती रोडवरून जाणाऱ्या नथी बघाव्यात. त्यांतल्या किती ए.डी.वर चमकत असतात!

हा खडा बाजारात आला १९७६ साली. मी रिक्षात बसल्या बसल्या हिशोब केला. आजीचं लग्न १९३८चं, कुड्या तिच्या माहेरच्या, सांगलीच्या. म्हणजे माहेरच्यांनी फसवलं नव्हतं. त्या वेळी झरकन अस्तित्वातच नव्हता. बदल आमच्याच घरात झाला होता, नौपाड्याच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत, माझ्या डोळ्यांदेखत, मी शाळेत जात असताना.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा परळच्या एका गिरणीत हिशोबाच्या खात्यात होते. यंत्रं थांबली तसा पगारही थांबला. पहिले दोन महिने कोणी काही बोललं नाही. मग एका दुपारी शाळेतून आले तर आई, शेजारच्या दोघी मावश्या आणि आजी जमिनीवर गोल करून बसल्या होत्या आणि मध्ये स्टीलच्या ताटात ढीगभर खडे चमकत होते.

जांभळी नाक्याच्या एका व्यापाऱ्याचं काम होतं ते. साडीपिना आणि केसांच्या पिना. पितळेचे साचे तो द्यायचा, खड्यांच्या पुड्या तो द्यायचा, डिंकही त्याचाच. दोन ट्यूबमधली पेस्ट सारखी पिळून आगकाडीने कालवायची आणि ती घट्ट व्हायच्या आत संपवायची. उदबत्तीच्या काडीच्या टोकाला मेणाचा थेंब लावून आईने अवजार केलं होतं. मेणाला खडा चिकटतो, साच्यातल्या डिंकाला तो जास्त चिकटतो, काडी रिकामी परत येते. खडे सपाट पाठीचे होते. ताट दोन्ही हातांनी हलकंसं हलवलं की बरेचसे आपोआप चमकती बाजू वर करून बसायचे. ते बघायला मला फार आवडायचं. पालथा राहिलेला प्रत्येक खडा उलटवणं हे माझं काम. बारा डझनांचा एक ग्रोस, आणि मोबदला ग्रोसवर. एक खडा वाकडा बसला तरी व्यापारी पूर्ण पिनेचे पैसे कापायचा. डिंकाने आईच्या बोटांची सालं निघायची. रात्री ती बोटांना खोबरेल लावून बसायची आणि सकाळी पुन्हा काडी हातात.

त्या खड्यांच्या पाठीला आरशासारखा लेप असतो आणि त्यावर रंगाचा थर. प्रकाश समोरून आत शिरतो, पाठीवरून परत फिरतो, म्हणून काच चमकते. लेपाला पाणी किंवा घाम लागला की तो काळवंडतो. आमच्या घरात त्याला 'खडा मेला' म्हणत. पावसाळ्यात आई पुड्या तांदळाच्या डब्यात ठेवायची.

आजी डोळ्यांनी अधू, तिला चिकटवणं जमायचं नाही. ती खडे निवडायची. लहान एकीकडे, मोठे एकीकडे, मेलेले वाटीत. कानात कुड्या, हातात काच. हे चित्र मला अजून जसंच्या तसं दिसतं, आणि आता विचार करते की त्या चित्रातल्या कुड्या तेव्हा कोणत्या होत्या, आधीच्या की नंतरच्या.

चाळीत आमच्या कामाला 'खोट्याचं काम' म्हणत. खोट्याचं काम मिळालंय, खोट्याचा माल आलाय. शाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, तुझी आई खोटे दागिने करते का? तिने सहज विचारलं असेल. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. आज चौपन्नाव्या वर्षी मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं, आणि तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

मराठीत 'खोटं' या एका शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक आहे नक्कल. दिसायला हिऱ्यासारखं, पण पदार्थ दुसराच, जसा झरकन किंवा काच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने शिसं मिसळलेल्या काचेला असे पैलू पाडले की राजदरबारच्या स्त्रिया ते खडे उघडपणे, हौसेने घालत. युरोपात त्या खड्यांना अजून त्याच्याच नावाने ओळखतात. त्याने लपवलं काहीच नाही. दुसरी गोष्ट आहे कृत्रिम रत्न, आणि ते नक्कल नव्हे. १९०२ साली फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हर्न्यय यांनी ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. ते माणिकच असतं, तोच ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, लाली आणणारं तेच क्रोमियम. फरक इतकाच, की जमिनीतल्या माणकातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि ज्वालेतल्या माणकातल्या वळणदार, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. बाबांच्या एचएमटी जनता घड्याळावर '१७ ज्युवेल्स' लिहिलेलं होतं. ती सतरा रत्नं म्हणजे असेच कारखान्यात घडलेले माणकांचे कण, चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले. त्या घड्याळाला आमच्या चाळीत कोणी खोटं म्हटलं नाही. बाबा ते रोज सकाळी सातला किल्ली द्यायचे, संपातसुद्धा, कामावर जायचं नसतानाही.

लेकीच्या अंगठीवरून घरात हाच वाद झाला. तिचा होणारा नवरा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. दोघांनी मिळून वाशीला जाऊन लॅबमध्ये घडवलेल्या हिऱ्याची अंगठी पसंत केली. माझी नणंद म्हणाली, "साखरपुड्याला खोटा हिरा?" लेक रडवेली झाली. मी नणंदेला म्हटलं, वन्सं, थांबा. हा हिरा खोटा नाही. कार्बनच तो, रचना तीच, सराफांचं यंत्र त्यालाही वाजेल. जगापुढे पहिल्यांदा जाहीर झालेला असा हिरा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन झाला. आता दुसरीही रीत आहे. हिऱ्याची पातळ चकती बी म्हणून ठेवायची, बंद कक्षात मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, वायू प्रचंड तापवून फोडायचा, की कार्बनचे अणू चकतीवर थरावर थर बसत जातात. काही आठवड्यांत हिरा. सुरतेत हे काम जोरात चालतं. २०२३च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला. वन्सं म्हणाल्या, "पण मोडीत काय येणार त्याचं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. या हिऱ्यांच्या किमती वर्षागणिक घसरत आल्यात आणि अडीअडचणीला तो हाताशी येईलच असं मी लेकीला सांगू शकत नाही. किंमत कमी असणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं. दगड कधी बोलतच नाही, तर तो खोटं कसा बोलेल? झरकनला झरकन म्हणून विकणारा खरा, आणि त्यालाच हिरा म्हणून विकणारा खोटा. त्यासाठी पावतीवर लिहून घ्यायचं. नैसर्गिक की लॅबमधला, हिरा की मॉयसनाइट. मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा आणखी एक खडा, तो ऊबेच्या साध्या यंत्राला फसवतो, तो ओळखायला वेगळी तपासणी लागते, म्हणून हे लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. लेकीच्या अंगठीच्या पावतीवर 'लॅबमध्ये घडवलेला' हे शब्द मी दुकानात पुन्हा जाऊन लिहून आणले.

हे सगळं वन्संना एवढ्या तावातावाने सांगितलं, आणि तरी गोखले रोडवर चार खडे वाजले नाहीत तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'खोटे' हाच.

आई आता ब्याऐंशी वर्षांची. भावाकडे कळव्याला असते. दुसऱ्या दिवशी मी कुड्या आणि पावती घेऊन तिच्याकडे गेले. कसं विचारायचं ते ठरवत बसले, चहा झाला, मग सरळच विचारलं. "आई, आजीच्या कुड्यांतले हिरे कधी काढले?"

ती दचकली नाही. जणू कुणीतरी कधीतरी विचारेल, याची वाट बघून बघून थकली होती.

"संपाचा सहावा महिना असेल," ती म्हणाली. "तुझ्या भावाला कावीळ झाली. भाडं थकलेलं. मी माझ्या पाटल्या काढून दिल्या तर सासूबाई म्हणाल्या, पाटल्या नकोत, मोकळे हात सगळ्यांना दिसतात. त्यांनी कानातल्या कुड्या काढल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. म्हणाल्या, मानेकडचं कोण बघतंय?"

जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक कारागीर बसायचा, आई पिना पोचवायला जायची त्याच वाटेवर. त्याने हिरे काढून घेतले आणि त्या मापाचे झरकन बसवून दिले. झरकन तेव्हा नवा होता. तो आईला म्हणाला होता, काकू, हा खडा हिऱ्यापेक्षा जड असतो, पण एवढ्याशा मापात कानाला कळायचं नाही. कुड्या परत आल्या तेव्हा आजीने प्रत्येक खड्यावर वाफ सोडून पाहिली, मान हलवली आणि घातल्या. बाबांना सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं. "ह्यांच्या आईच्या कानातलं ह्यांच्या बेकारीने काढलं, हे ह्यांना सोसलं नसतं," आई म्हणाली. संप मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो नुसता विरत गेला. बाबांना पुढे वागळे इस्टेटमध्ये अर्ध्या पगाराची नोकरी मिळाली. ते गेले २००३ला. त्यांना कळलं नाही.

मी विचारलं, "आणि तुम्ही दोघी तेच खडे घेऊन बसायचात समोरासमोर."

"ते काचेचे," आई म्हणाली. "सासूबाईंचे झरकन होते. झरकन मरत नाही." चाळीस वर्षांनंतरही तिला हा फरक चुकू द्यायचा नव्हता.

मग तिने पावती मागितली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती बारीक अक्षर बोट ठेवून वाचते. जुनी कुडी, जोड एक. फिरकी दुरुस्ती. हिरे दहा. झरकन चार. बोट तिथे थांबलं. तिने पुन्हा वाचलं, कुड्या हातात घेतल्या, खिडकीपाशी जाऊन उलटसुलट केल्या, नखाने मोजल्या.

"चार कसे?" ती म्हणाली. "आम्ही दोनच काढले होते. एका कानातला एक."

सराफांचं ते सोडून दिलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. दोन जोड्या, दोन हात, केसांकडची नंतरची.

आजी एकटी कधी बाहेर पडत नसे. कोपिनेश्वराला जायचं तरी आई नाहीतर मी सोबत. एकदाच ती एकटी गेली होती, १९८८च्या जुलैमध्ये. माझं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं शुल्क भरायची तारीख दोन दिवसांवर होती आणि बाबांचं सोसायटीचं कर्ज मंजूर झालं नव्हतं. संध्याकाळी ती भिजून परत आली. मी टॉवेल घेऊन गेले तर तिने घेतला नाही, म्हणाली, राहू दे, आपोआप वाळेल. ओला पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून ती रात्रीपर्यंत तशीच बसून होती.